आडनाव सोडा, नंबर धरा : पलटणीत गेलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यायचा

आमच्या गावच्या घरी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे एक गोल चकती असायची, जुन्या रुपयापेक्षा थोडी मोठी, पितळेसारखी, आणि तिच्यावर पंख पसरून उभी असलेली एक बाई. आजी तिला पंखवाली देवी म्हणायची आणि दर शुक्रवारी हळदकुंकू लावायची. कॉलेजात असताना एकदा दिवाळीची साफसफाई चालू होती म्हणून मी ती पालथी करून बघितली तर मागे इंग्रजीत कोरलेलं, सिव्हिलायझेशनसाठी लढलेलं महायुद्ध, १९१४ ते १९१९. म्हणजे देवीबिवी काही नाही, ते पहिल्या महायुद्धाचं व्हिक्टरी मेडल होतं, ब्रिटिशांनी लाखोंनी वाटलेलं. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, असू दे, बाई आहे ना, मग देवीच.

घरात गोष्ट अशी होती की आमचे थोरले पणजोबा, म्हणजे पणजोबांचे सख्खे मोठे भाऊ, पलटणीत सुभेदार होते, बसऱ्याला गेले, १९१४ ते १९१९ अशी पाच वर्षं लढले आणि साहेबाचा जीव वाचवताना तिकडेच गेले. कोकणात आणि साताऱ्याकडे ही गोष्ट घरोघरी मिळते, फक्त साहेब बदलतो. मला खरं काय ते शोधायचं होतं, आणि त्यात दोन-अडीच वर्षं गेली, त्यातली निम्मी चुकीच्या पद्धतीने शोधण्यात गेली. ती पद्धत तुम्ही वापरू नये म्हणून हे लिहितोय.

माझी चूक म्हणजे मी आडनावाने शोधत होतो. आपल्याला वाटतं आडनाव टाकलं की निघेल. पण जुन्या फौजी कागदात आडनावाचा काही भरवसा नाही. कधी नाव आणि बापाचं नाव, कधी नाव आणि आडनाव, कधी नुसतंच नाव, आणि ते सुद्धा गोऱ्या साहेबाने किंवा त्याच्या कारकुनाने कानाला जसं आलं तसं रोमन लिपीत उतरवलेलं. आपला ळ त्यांच्याकडे ल होतो, ण चा न होतो, धोंडी मधला ध कधी साधा द होतो. भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत ती बघा, त्यात बावीस नावांच्या शेवटी नाक आहे, आडनाव नाही. तो 'नाक' म्हणजे महार शिपायांच्या नावामागे लागणारा मानाचा प्रत्यय, आज त्या घरांतली आडनावं वेगळीच आहेत. मग आडनाव टाकून काय मिळणार, काही नाही. वर गंमत म्हणजे नाईक आणि सुभेदार हे हुद्दे पण आहेत आणि आडनावं पण आहेत, त्यामुळे यादीत नाईक दिसला की तो माणूस नाईकांच्या घरातला की नुसता दोन फितींचा नाईक हे आधी बघायचं.

आडनावाच्या जागी तीन गोष्टी धरायच्या : नंबर, पलटण, गाव. यातल्या दोन जुळल्या की माणूस सापडतो.

नंबर आणि पलटण कुठे मिळते तर बहुतेक वेळा घरातच. मेडलच्या सपाट बाजू सगळ्यांच्या सारख्याच असतात, त्यावर काही शोधू नका, मेडलची कड बघा. नाण्याला जशी जाडी असते तशी, तिथे बारीक अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या देवीला शंभर वर्षं चिंच आणि राख लावून घासलेलं, त्यामुळे कड जवळजवळ गुळगुळीत. उन्हात तिरकी धरून, मोबाईलने दहा-बारा फोटो काढून, फोटो मोठे करत करत शेवटी वाचता आलं : चार आकडी नंबर, मग सिपॉय, मग नाव, मग ११० आणि मराठाचं जुनं स्पेलिंग. म्हणजे सुभेदार वगैरे नव्हे, साधा शिपाई. आणि १९१४ ते १९१९ हे तर सगळ्याच मेडलांवर असतं, ते युद्धाचं वर्ष, त्या माणसाच्या नोकरीचं नाही. घरच्या गोष्टीतली दोन वाक्यं तिथेच गेली. (कृपा करून मेडल ब्रासोने घासू नका. आहे ती अक्षरं पण जातात.)

बहुतेकांना व्हिक्टरी मेडलबरोबर चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल पण मिळायचं. ते आमच्याकडे नाही, आणि का नाही हे घरात कोणी बोलत नाही, पण चांदी होती ती, कुठल्या तरी वाईट वर्षी मोडली असणार. तेच मेडल तुमच्याकडे चांदीऐवजी काशाचं असेल तर तो माणूस बहुधा लढणारा शिपाई नव्हता, मजूर किंवा हमाल अशा बिनलढाऊ तुकडीत होता. त्याने बिचकू नका, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, बसरा तिकडेच, अशा माणसांची संख्या प्रचंड होती आणि मेलेही तसेच भरपूर. आणखी एक वस्तू म्हणजे वीतभर नाही पण तळहाताएवढी जाड काशाची थाळी, तिच्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली बाई, आणि एका चौकटीत नुसतं नाव, हुद्दा नाही. ती युद्धात मेलेल्याच्या घरी पाठवायचे. कोणाच्या घरात ती झाकण म्हणून वापरात असेल तर आजच उचलून ठेवा.

पलटणीच्या नंबराचं एक सोपं गणित आहे, ते कळलं की डोक्यातला गोंधळ जातो. १९०३ साली सरसेनापती किचनेरने सगळ्या हिंदुस्थानी फौजेला एकच नंबरांची रांग लावली, तेव्हा बॉम्बे आर्मीच्या बऱ्याच पायदळ पलटणींच्या नंबरात सरळ १०० मिळवले. जुनी तिसरी झाली १०३, दहावी झाली ११०, सतरावी झाली ११७. मग १९२२ मध्ये परत मोड झाली आणि या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या, १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. म्हणून एकाच पलटणीत आजोबा १० वी मध्ये, मुलगा ११० मध्ये आणि नातू तिसऱ्या बटालियनमध्ये असं असू शकतं, आणि घरच्यांना वाटतं तिघं तीन ठिकाणी होते. इटलीत जुलै १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले माणगावकडचे यशवंत घाडगे याच तिसऱ्या बटालियनचे. आता ही बटालियन पॅराशूट रेजिमेंटमध्ये आहे, दुसरी पॅरा म्हणून, म्हणजे मराठा रेजिमेंटच्या यादीत ती शोधायला गेलात तर सापडणार नाही.

आणि हो, स्पेलिंग. जुन्या कागदात मराठा या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मध्ये एक जास्तीचा एच आणि दोन टी असतात. हे माहीत नसल्यामुळे मी तीन महिने रिकाम्या सर्च रिझल्टकडे बघत होतो.

आता हा नंबर घेऊन जायचं कुठे. युद्धात मेलेल्यांसाठी सगळ्यात चांगली आणि फुकट जागा म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाईट. फक्त मेलेल्यांसाठी हं, जिवंत परत आलेला तिथे मिळणार नाही. तिथे सर्चमध्ये आडनाव आणि नाव असे वेगळे रकाने असतात पण हिंदुस्थानी शिपायांचं बऱ्याचदा अख्खं नाव आडनावाच्याच रकान्यात कोंबलेलं असतं. म्हणून नावाचे रकाने कोरे ठेवा, फौज म्हणून इंडियन आर्मी निवडा, पलटण टाका, नंबर टाका, आणि बघा. नंबर वाचता येत नसेल तर नुसती पलटण टाकून अख्खी यादी उघडा आणि एकेक नाव बघत बसा. कंटाळवाणं काम आहे, चहाचा थर्मास घेऊन बसायचं. पण त्यात एक बारीक रकाना असतो, जास्तीची माहिती म्हणून, आणि खरा खजिना तो आहे, कारण बऱ्याच नावांपुढे तिथे बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. अमक्याचा मुलगा, राहणार अमुक, खेड, रत्नागिरी, मुंबई इलाखा. असं एक वाक्य दिसलं आणि बापाचं नाव आपल्याला माहीत असलेलं निघालं की हात थरथरतात, खोटं नाही सांगत.

पण खेड म्हटल्यावर थांबायचं. खेड रत्नागिरीत आहे आणि खेड पुण्यात पण आहे, राजगुरुनगरवालं. दोन्हीकडून माणसं पलटणीत गेलेली. कोरेगाव साताऱ्यातलं वेगळं, भीमेकाठचं वेगळं. जिल्हे पण आजचे धरू नका. कागदात कुलाबा असेल तर तो आजचा रायगड, नाव १९८१ ला बदललं. सिंधुदुर्ग त्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे १९१६ चा मालवणचा माणूस रत्नागिरीचा म्हणूनच लिहिलेला असणार. खानदेश १९०६ ला पूर्व आणि पश्चिम असा फुटला. सांगली जिल्हा म्हणून शोधूच नका, तिकडची बरीच गावं तेव्हा साताऱ्यात होती आणि बाकीची सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत. संस्थानांचं तर वेगळंच प्रकरण, कोल्हापूर, भोर, औंध, फलटण, सावंतवाडी, जंजिरा, यांचं दफ्तर ब्रिटिश जिल्ह्यांच्या दफ्तरात नसतं. तुमचं गाव १९१४ साली नक्की कोणाच्या ताब्यात होतं हे आधी ठरवा, नाहीतर चुकीच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवाल.

आणि हे ठरवायला लागतो गॅझेटियर.

गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचा भला मोठा माहितीकोश. मुंबई इलाख्याचे जुने गॅझेटियर जेम्स कॅम्पबेल नावाच्या आयसीएस साहेबाच्या देखरेखीखाली १८७७ पासून पुढे निघाले. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा दहावा खंड १८८० चा, नाशिक १८८३, सोलापूर आणि अहमदनगर १८८४, सातारा आणि पुणे १८८५, कोल्हापूर १८८६. पुण्याचे तर तीन भाग आहेत, पुणेकरांचं सगळंच जास्त. त्यात डोंगर-नद्या, पिकं, जातीजमाती, सावकारी, व्यापार, इतिहास, जमीन महसूल, शाळा, दवाखाने आणि शेवटी गावांची यादी असं सगळं असतं. स्थानिक अधिकाऱ्यांकडून माहिती मागवायची आणि एकत्र करायची अशी पद्धत होती, शिवाय भगवानलाल इंद्रजी आणि रा. गो. भांडारकरांसारख्या आपल्या विद्वानांनी पण त्या मालिकेत मोठं काम केलंय. आज हे सगळे खंड राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने नेटवर टाकलेत आणि इंटरनेट अर्काइव्हवर पण फुकट आहेत. गॅझेटियरला मराठीत दर्शनिका म्हणतात हे मला तिथेच कळलं.

अमेरिकेतले आपले मराठी मित्र तिकडच्या काउंटी हिस्टरी दाखवून सांगतात की बघ, आमच्या शेजाऱ्याच्या खापरपणजोबाचं अख्खं चरित्र फोटोसकट छापलंय. ते खरं आहे पण त्यात मेख अशी की एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिकडे ही पुस्तकं वर्गणीदारांच्या पैशावर निघायची, ज्याने पैसे भरले त्याचं चरित्र आत, आणि जो स्वतःचं चरित्र पैसे देऊन छापून घेतो तो त्यात स्वतःला आळशी थोडाच म्हणेल. आपल्या गॅझेटियरमध्ये कोणी पैसे भरले नाहीत, म्हणून कोणाचे पणजोबा पण त्यात नाहीत. राजे, सरदार, खोत, इनामदार, मोठा सावकार असेल तर नाव मिळेल, शेतकरी-शिपाई घरातल्या माणसाचं नाव मिळणार नाही. हे आधीच स्पष्ट सांगतो कारण बरेच जण नाव शोधतात, मिळत नाही, आणि पीडीएफ बंद करतात.

तो माणूस घरातून का निघाला, याचं उत्तर मात्र तिथे मिळतं. रत्नागिरीचा खंड वाचा, पावसाची नाचणी-वरीची शेती, डोंगर-उताराची जमीन, खोताचं देणं, १८७६-७७ ची टंचाई, आणि मग हा जिल्हा मुंबईला माणसं पुरवतो, फौजेला शिपाई पुरवतो, पोलिसात पुरवतो असं पानापानावर येतं. दापोलीला कॅम्प होता आणि म्हातारे पेन्शनर शिपाई तिथे येऊन राहायचे, म्हणूनच लोक अजून काप दापोली म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे तिथून जवळच, मंडणगड तालुक्यात, वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, बाबासाहेबांचा जन्म १८९१ मध्ये महूच्या छावणीत आणि रिटायर झाल्यावर कुटुंब काही काळ दापोलीला. ही एका घराची गोष्ट वाटते पण गॅझेटियर शेजारी ठेवून वाचली की कळतं तो तिथला रस्ताच होता, त्या रस्त्याने शेकडो घरं गेली.

गॅझेटियर वाचताना एक मात्र सांभाळायचं. जातींबद्दल जे लिहिलंय, ही जात कष्टाळू, ती भांडखोर, अमुक दारू पितात, ते साहेबाच्या चष्म्यातून आहे, तिथून आपल्या घराण्याचा स्वभाव ठरवत बसू नका. आणि तो चष्मा नुसता पुस्तकात राहिला नाही. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी थिअरी पुढे फौजेच्या भरतीत आली आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, ज्यांच्या चार-चार पिढ्या पलटणीत होत्या त्यांची. महार समाजातल्या गोपाळबाबा वलंगकरांनी, ते स्वतः निवृत्त फौजी, १८९४ मध्ये त्याविरुद्ध अर्ज लिहिला तो यामुळेच. मग महायुद्धात माणसं कमी पडल्यावर १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ ला परत मोडली, आणि महार रेजिमेंट आली ती थेट १९४१ मध्ये, बेळगावला. त्यामुळे तुमच्या घरात खापरपणजोबा हवालदार, आजोबा दुसऱ्या महायुद्धात, आणि मधली पिढी मात्र मुंबईत गिरणीत किंवा गोदीत, असा खड्डा दिसत असेल तर कागद हरवलेला नाही, दरवाजाच बंद होता.

नोकरीचा कागद, म्हणजे आपल्या भाषेत सर्व्हिस रेकॉर्ड, मिळायची शक्यता किती? दुसऱ्या महायुद्धातला किंवा नंतरचा माणूस असेल तर बरी. रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला साधं पत्र लिहायचं, नंबर, हुद्दा, नाव, बापाचं नाव, गाव-पोस्ट-तालुका-जिल्हा, अंदाजे कोणत्या वर्षी भरती आणि कधी घरी आला, आणि आपलं नातं. शिपायाचा मुख्य कागद म्हणजे शीट रोल, त्यात उंची, अंगावरची खूण, वारसाचं नाव हे सगळं असतं, पण हे कागद ठराविक वर्षांनी नष्ट करतात, लाँग रोल म्हणून जे मोठं रजिस्टर असतं ते तेवढं जपतात. म्हणून पत्रात लाँग रोलचा उतारा असा शब्द मुद्दाम वापरा. घरात पेन्शन बुक, डिस्चार्जचं बुक असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. पत्ता, फॉर्म वगैरेसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मला तरी तिथे एका निवृत्त हवालदार काकांनी खुर्ची देऊन, चहा पाजून, पत्राचा मसुदा स्वतः लिहून दिला.

पहिल्या महायुद्धातल्या माणसासाठी अशा पत्राला मला एका कचेरीतून दोन ओळींचं उत्तर आलं, अभिलेख उपलब्ध नाही. लंडनला जाऊन मिळेल अशी पण आशा नको, इंडिया ऑफिसच्या रेकॉर्डमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या शिपायांची माहिती ढीगभर आहे, काळ्या शिपायाची फाईल पलटणीकडेच राहायची. तिकडच्या नॅशनल अर्काइव्हमध्ये पलटणींच्या वॉर डायऱ्या आहेत, डब्ल्यूओ ९५ या मालिकेत, त्या मात्र जरूर वाचा, रोजचं लिहिलेलं असतं, आज इतका चाललो, इतका गोळीबार, साहेब अमुक जखमी, आणि शेवटी शिपाई तीन ठार. साहेबाला नाव, आपल्याला आकडा. पंजाबचं नशीब बरं, लाहोर म्युझियममध्ये तिकडच्या सव्वातीन लाखांच्या आसपास सैनिकांची गावनिहाय रजिस्टरं निघाली आणि २०२१ पासून नेटवर यायला लागली, पण ते पंजाबपुरतं.

आकड्याचीच गोष्ट आहे तर बसऱ्याचं स्मारक. मेसोपोटेमियात मेलेले आणि ज्यांची कबर-समाधी कुठे माहीत नाही असे चाळीस हजारांहून जास्त लोक त्या स्मारकावर आहेत. गोऱ्यांची सगळी नावं कोरली, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची पण कोरली, साध्या हिंदुस्थानी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ मध्ये या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. १९९७ ला सद्दामने ते अख्खं स्मारक उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन ठेवलं. म्हणजे कोणी बसऱ्याला जाऊन नाव बघून येऊ म्हणेल तर नाव भिंतीवर नाहीच, ते रजिस्टरमध्ये आहे आणि आता वेबसाईटवर.

कोकणातल्या दर्यावर्दी घरांसाठी एक वेगळी जागा सांगून ठेवतो कारण ती कोणाला माहीत नसते. दाभोळ, जयगड, रत्नागिरीकडचे कितीतरी लोक खलाशी म्हणून बोटीवर होते, त्यांच्यातल्या बुडालेल्यांची नावं पलटणीच्या यादीत कधीच मिळणार नाहीत. मुंबईला मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. लोकल पकडून जाता येतं.

एवढं झाल्यावर उरतो गावाकडचा कागद, आणि खरी जुळणी तिथे होते. वॉर ग्रेव्ह्जच्या नोंदीत गाव आणि बापाचं नाव मिळालं, पण तो आपलाच माणूस कशावरून? आमच्या वाडीत तेव्हा त्याच नावाचे दोघं होते. मग मी तालुक्याला जाऊन फेरफार काढला, म्हणजे गाव नमुना सहा, जमिनीवर कोणाचं नाव लागलं आणि कोणाचं कमी झालं याची नोंद. माणूस मेला की वारसाची नोंद घालतात, लगेच नाही घालत, पाच-सात वर्षांनी, पण घालतात. नमुना चौदा म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, आणि कोतवाल बुक, यात गावात झालेले मृत्यू असतात, परदेशात मेलेला बहुतेक नसतो, पण त्याच्या बापाचा, बायकोचा मृत्यू असतो. ही नावं आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ झालीत, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हा कोतवाल बुक हा शब्द चहाच्या टपरीवर ऐकायला यायला लागला. त्या राजकारणात मी पडत नाही, पण त्यामुळे खूपशी जुनी रजिस्टरं कपाटातून बाहेर निघाली आणि स्कॅन झाली याचा आपल्यासारख्यांना फायदाच आहे. अडचण एकच, मोडी. जुनं दफ्तर बरंचसं मोडीत आहे आणि मोडी वाचणारा लागतो. पैसे देऊन वाचून घ्या, वाचून घेण्याआधी गावाचं नाव, बापाचं नाव, भावांची नावं कागदावर लिहून द्या, कारण मोडीत नाव ओळखीचं असलं की पटकन वाचता येतं, अनोळखी असलं की जाणकार पण अडकतो.

आमच्या फेरफारात एक ओळ निघाली, १९२३ च्या सालची. सदर इसम पलटणीत नोकरीस असता सुमारे सात वर्षांपूर्वी परमुलखी मयत, सबब भावाचे नाव दाखल. भावाचं नाव आमच्या पणजोबांचं. सात वर्षांपूर्वी म्हणजे १९१६. ११० वी पलटण, १९१६. तिथे मग सगळं जुळलं, कारण ही पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमध्ये होती, आणि ती डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कूत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. जवळजवळ पाच महिने. धान्य संपलं, घोडे कापले, आपल्या बऱ्याच शिपायांनी घोड्याचं मांस खायला नकार दिला आणि उपाशी राहिले, शेवटी शेवटी खाल्लं पण असेल, आणि २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाऊनशेंडने शरणागती पत्करली. जवळजवळ तेरा हजार माणसं कैद झाली. साध्या शिपायांना उन्हाळ्यात बगदाद, मोसुल करत पायी चालवत नेलं, आणि पुष्कळ हिंदुस्थानी कैदी रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर लावले. आमच्या माणसाची वेबसाईटवरची तारीख जुलै १९१६ मधली आहे. म्हणजे वेढ्यात वाचला, कैदेत गेला. साहेबाचा जीव वाचवला की नाही देव जाणे, साहेबांना तर बोटीने वेगळं नेलं होतं.

मी हे सगळं प्रिंट काढून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून गणपतीला गावी घेऊन गेलो. आजी तेव्हा नव्वदीच्या पुढे. वडिलांनी मोठ्याने वाचून दाखवलं, कूत, उपास, चालत नेलं, रेल्वे. सुभेदार नव्हता हे ऐकून काकांचा चेहरा जरा पडला. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग आता तिथ कंची धरायची?"

मला आधी कळेना. मग वडिलांनी सांगितलं की त्यांचं श्राद्ध कधीच तिथीवर झालं नाही, तिथीच माहीत नव्हती, म्हणून शंभर वर्षं सर्वपित्रीलाच पान वाढायचे. मी तिथल्या तिथे मोबाईलवर जुनं पंचांग काढून जुलै १९१६ मधल्या त्या तारखेची तिथी काढली. पण मग खरं सांगावं लागलं, की कैद्यांच्या या तारखा पुष्कळदा अंदाजाने घातलेल्या असतात, तुर्कांनी कुठे हिशोब ठेवला होता, तो आधी गेला असेल किंवा नंतर.

आजी म्हणाली, "मंग सर्वपित्रीच ऱ्हाऊ दे." आणि मेडल मागून घेतलं, पदराने पुसलं आणि परत बाळकृष्णाच्या मागे ठेवलं. कडेवरचा नंबर मी आता वहीत लिहून ठेवलाय.